गावात माहितीपट करताना या चुका टाळा

विदर्भात शेतीवर माहितीपट करायला येणारे बरेच जण मे महिन्यात येतात. सुट्ट्या असतात, भेगाळलेली काळी जमीन कॅमेऱ्यात उठून दिसते. पण शेतकऱ्याचं वर्ष त्यात कुठेच नसतं. मृगाची पेरणी, पावसानं दडी मारली की दुबार पेरणी, दिवाळीच्या आसपासची वेचणी, मग भाव वाढेल या आशेनं घरातच रचून ठेवलेला कापूस, हे पाहायचं तर एकाच घरी वर्षभर जात राहा. पाच गावं पालथी घालू नका. मे महिन्यात जायचंच असेल तर शूटिंग सकाळी लवकर उरका. ४५ अंशांत कॅमेरा तापून बंद पडतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आत्महत्या झालेल्या घरात पहिलाच प्रश्न ‘त्या दिवशी काय झालं?’ असा विचारणं. मागे राहिलेल्या बाईनं ते पत्रकारांना, अधिकाऱ्यांना, पुढाऱ्यांना सांगून झालेलं असतं. यंदा काय पेरलं, सातबारावर तुमचं नाव चढलं का, हे विचारा. त्या दिवसाचं तिला बोलायचं असेल तर ती बोलेल. नसेल तर राहू द्या, तुमचा माहितीपट त्यावाचून अडत नाही. तिनं सावकाराचं नाव घेतलं असेल तर ते कापा, कारण तुम्ही निघून जाता आणि तिला त्याच गावात राहायचं असतं. कागदावर अंगठा घेतला म्हणजे परवानगी मिळाली असं मी मानत नाही. जोडून झालेला भाग तिला आधी दाखवा. हा माहितीपट उद्या गावातल्या प्रत्येक मोबाइलवर फिरणार आहे.

आवाजाकडे लक्ष नसतं. कॉलर माइक पदराला लावतात. बोलताना बाई पदर डोक्यावर सारखा करते, गळ्यातली पोत माइकवर घासते आणि नेमकं महत्त्वाचं वाक्य खरखरीत बुडतं. माइक काठीला बांधून वरून, चौकटीच्या जरा बाहेर धरा. टिनाच्या खोलीत आवाज घुमतो. ओसरीत बसा, पंखा बंद करा, हेडफोन कानातून काढू नका. आणि कुणालाही ‘शुद्ध बोला’ म्हणू नका, माणूस तिथंच आखडतो.

झाडीपट्टीचं, म्हणजे पूर्व विदर्भातलं नाटक टिपायचं तर हंगाम दिवाळीनंतरचा. नाटक रात्रभर चालतं, म्हणून बॅटऱ्या आणि कार्डं भरपूर घ्या. चित्रात पट्टे सरकताना दिसले तर सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० सेकंदावर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. आवाज थेट मिक्सरवरून घ्या, पण प्रेक्षकांच्या शिट्ट्यांसाठी एक माइक मंडपात ठेवा. रंगमंचामागे कलाकार रंग लावत असताना आधी विचारा, मगच कॅमेरा काढा. नाटकात सिनेमाची गाणी वाजत असतील तर त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात; संकलनात ती टाळता येतील असे शॉट वेगळे घेऊन ठेवा.

त्याच रात्री फुटेज दोन ड्राइव्हवर उतरवा आणि दोन्ही एकाच बॅगेत ठेवू नका.