चाळिशीनंतर खेळ निवडताना: आधी घड्याळ, मग रॅकेट

साताऱ्यात चाळिशी ओलांडलेल्या कुणी "व्यायाम सुरू करायचाय" असं नुसतं पुटपुटलं, तरी समोरच्याकडे दोनच उत्तरं तयार असतात. रोज अजिंक्यतारा चढा, नाहीतर हिल मॅरेथॉनचा फॉर्म भरा. यवतेश्वरचा घाट चढायचा, तोच उतरायचा, 21 किलोमीटर. आमच्या घरात नवरा धावतो, शेजारचे डॉक्टर धावतात, माझे विद्यार्थीसुद्धा धावतात. मला धावायला आवडत नाही. हे मोठ्याने म्हणता आलं की निम्मं काम होतं. जे आवडत नाही ते कितीही गुणकारी असलं तरी पहिल्या पावसात सुटतं, म्हणून ते यादीतून सरळ काटा.

मी ज्युनियर कॉलेजला गणित शिकवते, त्यामुळे कागद-पेन आलंच. कागदावर सगळ्यात वर वजनाचा आकडा लिहू नका. काटा पाणीही मोजतो, मीठही मोजतो आणि कालचं लग्नाचं जेवणही. त्याऐवजी पुढच्या दहा वर्षांत शरीराकडून कोणती कामं करून हवी आहेत, ती लिहा. माझी अशी होती: पंगतीत मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता यावं, 20 लिटरचा पाण्याचा जार कुणाला हाक न मारता उचलता यावा, मंगळाईच्या देवळापर्यंत गप्पा मारत चढता यावं. तुमची वेगळी असतील. पण ती कामंच असू देत, कारण काम जमलं की नाही हे कुणाला विचारावं लागत नाही.

आता या कामांना काय लागतं ते बघा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, किंवा 75 मिनिटं जोरदार, आणि शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. "मध्यम" म्हणजे किती, तर बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतकं. स्नायूंचे दोन दिवस मात्र आपल्याकडे सगळे सोयीस्करपणे विसरतात, बायका तर जास्तच. पाळी थांबल्यावर हाडांची झीज वेगाने होते, त्यामुळे नेमकं आपल्यालाच ते टाळून चालत नाही. पोहणं गुडघ्यांना आणि हृदयाला उत्तम, पण पाण्यात अंगाचा भार तरंगतो, हाडांवर जोर येत नाही. सायकलचंही बरंचसं तसंच. म्हणून हे दोन निवडणाऱ्यांनी बैठका आणि थोडं वजन उचलणं सोबत धरावं. कबड्डी, फुटबॉल यांची हौस असेल तर लहानपणापासून खेळणाऱ्यांसाठी ठीक. नव्याने पन्नाशीत नको, असं माझं स्पष्ट मत.

यादीत दोन-तीन खेळ उरले की तुलना खेळांची करू नका, वेळापत्रकाची करा. मैदान किंवा हॉल घरापासून दहा मिनिटांत यायला हवा. जायची वेळ डबे, क्लास आणि सासूबाईंची औषधं यांच्यात न अडकणारी हवी. आणि तुम्ही गेला नाहीत तर कुणाचा तरी खेळ अडला पाहिजे. तिसरी अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकट्याच्या व्यायामाला दांडी मारली तर कुणाला कळत नाही. डबल्सला चौथा भिडू आला नाही की सकाळी सहाला फोन येतो, आणि तोही चिडक्या आवाजात.

म्हणून मी बॅडमिंटन घेतलं, तेही फक्त डबल्स. कोर्ट 13.40 मीटर लांब आणि 6.10 मीटर रुंद. नेटच्या आपल्या बाजूची जागा दोघांत वाटून घेतली की पन्नाशीतल्या पायांना झेपतं. पुण्याशी या खेळाचं जुनं नातं आहे, इंग्रज तिथे तो "पूना" नावानेच खेळायचे. त्यामुळे आपण काही परका खेळ आणलेला नाही, असं मी नवऱ्याला ऐकवत असते.

वर्षानुवर्षं जमलेल्या ग्रुपमध्ये शिरायचं कसं, हे मात्र कुणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी रॅकेट घेऊन थेट कोर्टाकडे जाऊ नका. बाकड्यावर रॅकेटी ओळीने ठेवलेल्या असतात, तो नंबर असतो. आपली शेवटी ठेवायची आणि बसायचं. "काका, जागा आहे का?" असं त्यातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला विचारायचं, सगळ्यात चांगल्या खेळाडूला नाही. नंबर कुणाचा आणि फुलांचा, म्हणजे शटलकॉकचा, हिशेब कुणाकडे, हे काकांच्या हातात असतं. पिसांचं फूल एका सकाळीत फाटतं, त्यामुळे वर्गणी विचारायच्या आधीच पुढे करायची. नायलॉनचं फूल टिकतं, पण जुने खेळाडू त्याला नाक मुरडतात. नवख्याने नाक मुरडू नये.

पैसे खर्च करायचेच तर बुटांवर करा. धावायचे बूट चालत नाहीत: त्यांची टाच जाड आणि उंच असते, कडेला झेप घेताना घोटा मुरगळतो. खाली गम रबराचा सोल असलेले, लाकडी फ्लोअरवर डाग न पाडणारे कोर्टचे बूट घ्या. रॅकेट मधली चालते. ताराही सुरुवातीला फार ताणून घेऊ नका, 20 ते 22 पौंड पुरे, नाहीतर खांदा बोलतो.

डोक्यावरून मागे जाणारं फूल बघत उलटं धावणं, ही चाळिशीनंतरची सगळ्यात घातक सवय. तोल जातो तो तिथेच. आधी कडेला वळा, मग सरकत मागे जा. पोचत नसेल तर फूल सोडा, पॉइंट जाऊ दे. टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा स्नायुबंध, याच खेळात आणि याच वयात तुटतो. त्याला तयार ठेवायला घरच्या जिन्याची पायरी पुरते. चवडे पायरीवर, टाचा बाहेर, कठड्याला हात. सावकाश वर, त्याहून सावकाश खाली. ब्रश करताना करायचं, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागत नाही. खेळण्याआधी दहा मिनिटं अंग गरम करणं सोडू नका, थंडीत तर नाहीच, मग काका कितीही घाई करोत.

बीपी, शुगर असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टरांना विचारून सुरू करा. खेळताना छातीत दडपण आलं, हात किंवा जबडा दुखू लागला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबायचं. "एवढा गेम संपवते" नाही. लगेच दवाखाना.

वर्षाची फी एकदम भरली की सूट मिळते, पण मोहात पडू नका, तीन महिन्यांचीच भरा. त्या तीन महिन्यांत कागदावरची कामं अधूनमधून करून बघा. कामं सोपी होत असतील पण हॉलमध्ये जीव रमत नसेल, तर खेळ बदला. रमत असेल पण कामं होत नसतील, तर खेळ ठेवा आणि स्नायूंचे ते दोन दिवस वाढवा. दोन्ही होत नसेल, तर यादीतला दुसरा खेळ आहेच, आणि बूट त्याच मापाचे कुणाला तरी लागतातच.