किनाऱ्यावर वेचायला कसं जावं

सत्तरीतले आजोबा आणि सात वर्षांची नात एकाच वेगाने करू शकतील असे छंद फार नाहीत. किनाऱ्यावर शंख-शिंपले आणि वाहून आलेल्या वस्तू वेचत फिरणं हा त्यातला एक. खर्च जवळजवळ नाहीच. जुने सँडल, टोपी, पाण्याची बाटली आणि दोन पिशव्या पुरतात. दोन का, ते पुढे सांगतो.

१. आधी ओहोटीची वेळ बघा

अर्धं यश इथेच ठरतं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. त्यामुळे आजची वेळ उद्या चालत नाही, ती सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. वेळापत्रक फोनवर मिळतं, पण ज्या किनाऱ्यावर जाणार त्याचंच बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी जितकं चढतं तितकंच मागेही हटतं आणि एरवी बुडालेला पट्टा उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, तेव्हा फारसं काही उघडं पडत नाही.

पूर्ण ओहोटीच्या दीडेक तास आधी पोचा, पाण्यामागोमाग खाली उतरत जा आणि पाणी फिरलं की परत निघा. समुद्राकडे पाठ करून खाली वाकू नका. खडकांच्या पलीकडे जाणार असाल तर परतीची वाट आधी बघून ठेवा. भरतीचं पाणी समोरूनच येईल असं नाही, ते मागून वळून वाट अडवतं. वादळ शमल्यावर माल भरपूर येतो. पण आधी ते पूर्ण शमू द्या.

२. रेघ धरून चाला

भरती परत जाताना शेवाळ, काटक्या, पिसं यांची एक वेडीवाकडी रेघ सोडून जाते. नीट पाहिलं तर अशा दोन-तीन रेघा दिसतात. सगळ्यात वरची जुन्या उधाणाची, तिथे वाळलेल्या, हलक्या वस्तू सापडतात. खालच्या रेघेत ताजे शिंपले. लाटांनी घासलेली काच हवी असेल तर गोट्यांच्या पट्ट्यात शोधा.

नवखी माणसं भराभर चालतात आणि ‘इथे काहीच नाही’ म्हणतात. त्यापेक्षा वीस पावलांचा तुकडा निवडा आणि तिथे चक्क बसा. पाच-दहा मिनिटांत डोळा बसतो. मग मघाशी ज्यावरून पाय टाकला तिथेच कवडी दिसते. डोकं शांत होतं म्हणतात ते बहुधा यामुळेच, हातभर वाळूत नजर गुंतली की बाकीचे विचार आपोआप मागे पडतात.

३. उचला आणि विचारा: हे असं का?

भोक पडलेला शिंपला घ्या. भोक अगदी गोल, बाहेरून रुंद, आत निमुळतं, जणू कोणी गिरमिट चालवलंय. हे काम मांसाहारी गोगलगायीचं असतं. ती कवचावर आम्ल सोडते, दातेरी जिभेने खरवडते आणि आतला जीव खाते. मुलांना माळ ओवायला आयतं भोक मिळतं, पण ते कुणाच्या तरी जेवणाचं आहे हे सांगितलं की माळ बाजूला पडते आणि प्रश्न सुरू होतात.

समुद्रफेन पांढरा, लांबट, थर्मोकोलसारखा हलका. नाव फेनाचं, पण तो फेस नव्हे. ते कटलफिश या समुद्री जिवाच्या अंगातलं कवच. त्यातल्या बारीक कप्प्यांमधल्या वायूच्या जोरावर कटलफिश पाण्यात वर-खाली होते.

आणि एखादं प्लास्टिकचं खेळणं सापडलं तर ही गोष्ट सांगा. जानेवारी १९९२मध्ये पॅसिफिक महासागरात एका मालवाहू जहाजावरून कंटेनर पडले. त्यातल्या एकात आंघोळीच्या टबातली २८,८०० खेळणी होती: पिवळी बदकं, निळी कासवं, हिरवे बेडूक, लाल बीव्हर. त्याच वर्षाच्या अखेरीस ती अलास्काच्या किनाऱ्याला लागू लागली. कर्टिस एब्समायर या समुद्रशास्त्रज्ञाने वेचणाऱ्यांकडून सापडल्याच्या नोंदी जमवल्या आणि त्यावरून सागरी प्रवाहांचा अभ्यास केला.

४. हात कुठे लावायचा नाही

शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख जिवंत असेल तर तो उचलायचा नाही. कोन गोगलगायीचा दंश जीवघेणा ठरू शकतो. निळ्या फुग्यासारखा, लांब दोऱ्यांचा जीव वाळूवर मरून पडला असला तरी त्याचे दोरे डंख मारतात. सुया, बंद डबे, पिंपं यांच्याही वाटेला जाऊ नका.

रिकामा वाटणारा शंख पाच मिनिटं ओल्या वाळूवर ठेवून बघा. हा धडा मी रात्री दोन वाजता शिकलो. पिशवीतून खडखड ऐकू आली, आणि बघतो तर माझा ‘रिकामा’ शंख जमिनीवरून चालत निघाला होता. आत साधू खेकडा. पहाटेच त्याला परत नेऊन सोडावं लागलं. तेव्हापासून आमच्याकडे माणशी एकच वस्तू घरी आणायची असं ठरलंय. ती कुठली यावर परतीच्या वाटेवर जी भांडणं होतात, खरी मजा त्यातच आहे. काही ठिकाणी नेण्यालाच बंदी असते, इटलीच्या सार्डिनिया बेटावरून वाळू-शिंपले नेले तर दंड होतो. तेव्हा स्थानिक नियम आधी विचारा.

दुसरी पिशवी कचऱ्यासाठी. तिला माणशी एकची मर्यादा नाही.

५. घरी आल्यावर

शिंपले दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग सावलीत वाळवा. उन्हात रंग उडतो. व्हिनेगर वापरू नका, शिंपला चुन्याचाच असल्याने त्यात विरघळतो. चमक हवी तर बेबी ऑइलचा एक थेंब बोटाने चोळा.

प्रत्येक वस्तूसोबत चिठ्ठी ठेवा: तारीख, जागा, कुणाला सापडली. आमच्या खोक्यातल्या एका चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहिलंय, ‘आजोबांना सापडलं. काय आहे ते त्यांनाही माहीत नाही.’