तागाजोचे अवशेष पाहायला जाताना

जपानमध्ये सेंदाई शहराजवळ तागाजो या प्राचीन सरकारी ठाण्याचे अवशेष आहेत. तिथे जाताना पहिली चूक स्टेशनच्या नावात होते. उतरायचं ‘कोकुफु-तागाजो’ला, नुसत्या ‘तागाजो’ला नाही. ते दुसरं स्टेशन सेनसेकी मार्गावर आहे आणि तिथून उगाच लांबची पायपीट पडते. सेंदाईहून तोहोकु मुख्य मार्गाची लोकल घ्या. साधारण पाव तासाचा प्रवास. मात्र रिफूची पाटी असलेली गाडी सोडून द्या, ती इवाकिरीलाच फाट्यावर वळते. जड बॅगा सेंदाईच्या लॉकरमध्ये ठेवलेल्या बऱ्या, कारण पुढे टेकडी आहे.

कोकुफु म्हणजे प्रांताच्या कारभाराचं मुख्य ठाणं. तागाजो हे ईशान्येकडच्या मुत्सु प्रांताचं ठाणं, इ.स. ७२४ मध्ये वसवलेलं आणि एमिशी (राजदरबाराच्या सत्तेबाहेरचे उत्तरेकडचे लोक) यांच्या मुलखाला लागून असल्यामुळे लष्करी तळही.

टेकडीकडे लगेच धावू नका. आधी स्टेशनला लागूनच असलेलं तोहोकु इतिहास संग्रहालय पाहा, दीड तास तरी द्या. वर मुख्यतः गवत, जोती आणि खांबांच्या खुणा आहेत. इमारतींची मांडणी डोक्यात नसेल तर दहा मिनिटांत कंटाळा येतो. लाखेत भिजलेले कागद चुकवू नका. सरकारी रद्दी लाखेच्या भांड्यांवर झाकण म्हणून वापरली जायची. मुरलेल्या लाखेमुळे ती जमिनीत कुजली नाही, म्हणून हिशेब आणि पंचांगांचे तुकडे आज वाचता येतात. संग्रहालय सोमवारी बंद असतं. त्या दिवशी गेलात तर निम्मी सहल वाया.

दुपारनंतर दक्षिण दरवाजाकडे निघा. हा दुमजली दरवाजा अलीकडे नव्याने उभारलेला आहे, जुना समजू नका. जुना आहे तो आतल्या बाजूचा, जाळीच्या छपरीतला शिलालेख: इ.स. ७६२ चा. तेव्हाची राजधानी (नारा) १५०० री दूर, एमिशींची हद्द १२० री, अशी अंतरं त्यावर कोरली आहेत (तेव्हाचा एक री म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून थोडा जास्त). लेखाचं तोंड पश्चिमेला आहे, वर ठळक अक्षरात ‘पश्चिम’ असंच कोरलंय. त्यामुळे अक्षरं वाचायला उतरतं ऊन सोयीचं. फोटो घेताना लेन्स जाळीला टेकवा, नाहीतर फोटोत जाळीच येते.

तिथून सरळ उत्तरेला चढलं की मुख्य कचेरीचं आवार लागतं, सुमारे १०३ मीटर रुंद आणि ११६ मीटर लांब. मधोमध मुख्य दालनाचं जोतं आहे. इथे एकाच जागी चार वेळा बांधकाम झालं. सुरुवातीला खांब थेट जमिनीत पुरलेले होते. इथला वरिष्ठ अधिकारी आसाकारी याच्या ७६२ च्या दुरुस्तीत ते दगडी बैठकीवर आले. ७८० च्या बंडात सगळं जळलं, पुन्हा उभं राहिलं आणि ८६९ च्या मोठ्या भूकंपानंतर परत बांधावं लागलं. खुणा पाहताना हा क्रम लक्षात असला तर गोंधळ होत नाही.

बाहेरची तटबंदी प्रत्येक बाजूला जवळपास ९०० मीटर, तीही चढउताराची. संग्रहालय धरून चार तास हाताशी ठेवा. उन्हाळ्यात सावली कमी, पावसानंतर गवताळ उतार निसरडा, चपला नकोत.

वेळ उरला तर पूर्व दरवाजाजवळचं मुत्सु सोशा देऊळ पाहा. प्रांतातल्या सगळ्या देवांची पूजा अधिकाऱ्याला एकाच ठिकाणी करता यावी म्हणून ‘सोशा’ ठाण्याजवळ असे. दुसऱ्या प्रांतांची ठाणी शोधतानाही ही खूण कामी येते. गावाचं नाव फुचू किंवा कोकुफु असेल, तर आधी तिथलं सोशा नकाशावर शोधा.