हायब्रिड प्रतिजैविक बनवताना या चुका टाळा

दोन औषधांचे कामाचे भाग एका रेणूत जोडायचे, म्हणजे एकाला सरावलेला जिवाणू दुसऱ्याच्या तावडीत सापडतो. तालुक्याच्या कॉलेजात सुरुवात करायला सिप्रोफ्लॉक्सॅसिन (सिप्रो) हे प्रतिजैविक सोयीचं, कारण ते स्वस्त आहे आणि सातव्या स्थानच्या पायपराझिन या कड्यावर मोकळं एनएच (नायट्रोजन-हायड्रोजन) आहे. जोडणी तिथेच करा. तिसऱ्या स्थानचं कार्बॉक्सिल आणि चौथ्याचं कीटो मॅग्नेशियममार्फत गायरेजला, म्हणजे सिप्रो जिवाणूच्या ज्या एन्झाइमवर काम करतं त्याला, धरतात. कार्बॉक्सिलचं एस्टर झालं की ती पकड सुटते. एनएमआरमध्ये (रेणूची रचना दाखवणाऱ्या चाचणीत) १५ पीपीएमजवळचा आम्लाचा पीक दिसला नाही, तर मास स्पेक्ट्रमवरून रेणूचं वजनही तपासा.

सगळ्यात जास्त फसवते ती अशुद्धता. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या चाचणीच्या प्रमाणित जिवाणूवर सिप्रोचा एमआयसी (वाढ थांबवणारं किमान प्रमाण) ०.००४ ते ०.०१६ मायक्रोग्रॅम प्रति मिली. हायब्रिडमध्ये १ टक्का सिप्रो उरलं, तर हायब्रिड स्वतः काहीच करत नसलं तरी एमआयसी ०.४ ते १.६ दिसेल आणि प्रबंधात ‘उत्तम परिणाम’ लिहिला जाईल. टीएलसीवरच्या (पातळ थराच्या प्लेटवरच्या) एका ठिपक्यावर विसंबू नका, अशुद्धता मोजणारी एचपीएलसी कराच. क्लिक पद्धतीने, म्हणजे तांब्याच्या मदतीने, ट्रायझोल हे जोडणारं कडं बनवलं असेल तर उरलेलं तांबंही जिवाणू मारतं. धातू पकडणाऱ्या ईडीटीएच्या द्रावणाने धुवा.

लिंकर, म्हणजे दोन भागांमधला दुवा, उगाच लांबवू नका. ई. कोलायच्या पोरिनमधून (बाहेरच्या आवरणातल्या छिद्रांतून) साधारण ६०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक) मोठे रेणू सहसा शिरत नाहीत. सेफिडेरोकॉल हे प्रतिजैविक ७५२ डाल्टनचं असूनही शिरतं, कारण त्याचा कॅटेकॉल हा भाग लोह धरतो आणि जिवाणू लोहासोबत त्यालाही आत ओढून घेतो.

विहीर पद्धतीच्या (अगारच्या थरातल्या खळग्यात औषध घालायच्या) झोनवरून, म्हणजे जिवाणू न वाढलेल्या वर्तुळावरून, तुलना नको. जड, तेलकट रेणू अगारमध्ये पसरतच नाहीत. ब्रॉथमध्ये (पोषक द्रवात) एमआयसी काढा: मिलीमागे ५ लाख जिवाणू, डीएमएसओ हे विद्रावक १ टक्क्याच्या आत, ३५ अंश, १६ ते २० तास. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो. खोलीच ४० अंशांवर असेल तर तो ३५ वर येणार कसा? थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटर वापरा, आणि मधेच लाइन गेली तर ती प्लेट बाद धरा.

दोन्ही मूळ औषधं आणि त्यांचं समप्रमाण मिश्रण सोबत लावा. आकडे मायक्रोमोलरमध्ये (वजनाऐवजी रेणूंची संख्या मोजणाऱ्या एककात) मांडा, कारण ३३१ च्या सिप्रोपुढे ६६० च्या हायब्रिडमध्ये तेवढ्याच वजनात निम्मेच रेणू असतात.

प्रतिरोधी जिवाणू रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये वाढवू नका. ती चाचणी मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागात करून घ्या. गायरेजमध्ये बदल झालेल्या जिवाणूवर सिप्रोचा एमआयसी जितक्या पटीने वाढला, तितक्याच पटीने हायब्रिडचाही वाढला, तर दुसरा भाग काहीच करत नाही. लिंकर बदला, नाहीतर जोडीदार.