इटालियन शब्दांची शेपटं

इटालियन शिकताना सगळे घाबरतात क्रियापदांना. मात्र बी-वन, म्हणजे मध्यम पातळी पार केल्यावरही गप्पांत अडखळायला होतं ते बरेचदा नामांच्या शेपटांमुळे. पुस्तकात त्यांचा छोटा तक्ता असतो: -ईनो, -एत्तो म्हणजे लहान, -ओने म्हणजे मोठं, -आच्चो म्हणजे वाईट. शेवटचा स्वर काढायचा आणि प्रत्यय चिकटवायचा. कासा म्हणजे घर, कासेत्ता म्हणजे छोटंसं घर. तेम्पो म्हणजे हवा, तेम्पाच्चो म्हणजे भिकार हवा. नव्याने शिकणाऱ्यांना मी सांगते, तक्ता जरूर पाठ करा, पण त्यावरून मनाने शब्द पाडू नका.

कारण यातले कितीतरी शब्द कधीच वेगळा संसार थाटून बसलेत. फिनेस्त्रा म्हणजे खिडकी, पण फिनेस्त्रीनो म्हणजे गाडीची किंवा विमानाची खिडकी. पारोला म्हणजे शब्द, पारोलाच्चा म्हणजे थेट शिवी. पेकोरा म्हणजे मेंढी, पण पेकोरीनो म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज. छोट्या मेंढीला पेकोरेल्ला म्हणतात. काही शब्द तर निव्वळ फसवे. मात्तो म्हणजे वेडा. मग मात्तोने म्हणजे महावेडा? नाही, वीट! आणि मात्तीनो म्हणजे सकाळ.

-ओने लागला की स्त्रीलिंगी नाम बऱ्याचदा पुल्लिंगी होतं. दार म्हणजे पोर्ता, स्त्रीलिंगी. इमारतीचा मुख्य दरवाजा म्हणजे पोर्तोने, पुल्लिंगी. फेब्रे म्हणजे ताप, फणफणून आला की फेब्रोने, तोही पुल्लिंगी. धिप्पाड बाईसुद्धा व्याकरणात ‘तो’ दोन्नोने होते. सुरी-सुरा, पळी-पळा म्हणणाऱ्या आपल्याला यात फारसं नवल वाटू नये.

प्रत्ययावर प्रत्ययही चढतात. वियोला या वाद्याचं लहान रूप वियोलीनो, मोठं वियोलोने, आणि त्या मोठ्याचं पुन्हा लहान केलं की वियोलोनचेल्लो, म्हणजे आपला चेलो. दुकानात चीजचा अगदी छोटा तुकडा हवा असेल तर ‘पेत्सो’चं पेत्सेत्तीनो करून मागतात. हा मात्र बिनधास्त वापरा, कानाला गोड लागतो.

प्रत्ययांची खरी चव कळायला मला चित्रकारांची नावं उपयोगी पडली. फ्लोरेन्सच्या ब्रांकाच्ची चॅपलमध्ये दोघांनी काम केलं: मासोलीनो आणि मासाच्चो. दोघंही मुळात तोम्मासो, म्हणजे घरगुती हाक ‘मासो’. एकाला लाडाचं शेपूट लागलं, दुसऱ्याला गबाळेपणाचं. मासाच्चोला कपड्यालत्त्याची शुद्ध नसायची, असं चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहून ठेवलंय. तरी ते नाव तुच्छतेने पडलेलं नव्हतं. -आच्चोत असा मायेचा सूरही असू शकतो. रागात्साच्चो म्हणजे वाया गेलेलं पोरगं, पण आजीच्या तोंडी तेच ‘आमचं कार्टं’ होतं. परक्याच्या मुलाला मात्र आपण तसं म्हणायला जाऊ नये. तिंतोरेत्तो हे नाव वडिलांच्या रंगारीकामावरून पडलं: छोटा रंगारी. जोर्जोने म्हणजे थोरला जोर्जो.

सुरुवातीला फक्त कान उघडे ठेवा. ऐकलेला शब्द कोणी, कोणाला, कुठल्या सुरात म्हटला तेही वहीत टिपा. बोलताना -ईनो आणि -एत्तो त्यातल्या त्यात सुरक्षित, पण तेही ऐकलेल्या शब्दांपुरतेच. -आच्चो आणि -उच्चोला (हाही ‘लहान’चाच प्रत्यय, पण कधी लाडाचा, कधी हिणवणारा) घाई नको. आणि ‘उन आत्तिमीनो’, म्हणजे ‘एक क्षणभर हं’, सगळीकडे कानावर पडेल. भाषेबद्दल काटेकोर असलेल्या इटालियनांना त्याचा भारी तिटकारा आहे. त्यांच्यासमोर साधं ‘उन आत्तिमो’ म्हणा.