एडब्ल्यूएस सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट: नोकरी सांभाळून तयारी कशी कराल

क्लाउडच्या कामात शिरायचं असेल तर पहिलं गंभीर सर्टिफिकेट म्हणून आम्ही एडब्ल्यूएसचं, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचं, हेच सर्टिफिकेट सुचवतो. परीक्षेचा कोड एसएए-सी०३. प्रश्न ६५, वेळ १३० मिनिटं. त्यातले १५ प्रश्न गुणांत धरलेच जात नाहीत, पण कोणते ते कळत नाही, म्हणून सगळेच मन लावून सोडवायचे. गुण १०० ते १००० या मापात मिळतात आणि पास व्हायला ७२० लागतात. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. फी १५० डॉलर, वर कर. नापास झालात तर १४ दिवस थांबून पुन्हा पूर्ण फी भरावी लागते.

सुरुवात व्हिडिओ कोर्सने करू नका. आधी एडब्ल्यूएसच्या साइटवरची एक्झाम गाइड उतरवून घ्या, ती फुकट आहे. त्यात विषयांचं वजन दिलंय: सुरक्षा ३० टक्के, बिघाड सोसून चालू राहणारी रचना २६, कामगिरी २४, खर्च २०. पहिल्याच ओळीवरून कळतं की आयएएम (कुणाला काय करायची परवानगी ते ठरवणारी सेवा) आणि नेटवर्कची सुरक्षा कच्ची ठेवून चालणार नाही. रोज दीड तास दिला तर सहा ते आठ आठवडे पुरतात, पण त्यातला निम्मा वेळ हाताने काम करण्यात गेला पाहिजे.

त्यासाठी स्वतःचं खातं उघडा, कंपनीचं वापरू नका. खातं उघडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत दोन कामं उरका. रूट युजरला (खात्याचे सगळे अधिकार असलेला मूळ युजर) एमएफए, म्हणजे पासवर्डसोबत दुसरी तपासणी, लावा आणि रोजच्या कामाला वेगळा युजर करा. मग बजेट्समध्ये जाऊन 'झीरो स्पेंड'चं तयार टेम्प्लेट निवडा, म्हणजे पहिला सेंट खर्च झाला की ईमेल येईल. स्क्रीनच्या कोपऱ्यातला रीजनही (तुमची मशीन कोणत्या ठिकाणी चालणार ते) एकदाच ठरवा, मुंबई म्हणजे एपी-साउथ-१. भलत्याच रीजनमध्ये मशीन सुरू राहतं, मुंबईच्या यादीत दिसत नाही आणि बिल मात्र चढत जातं.

आता व्हीपीसी, म्हणजे एडब्ल्यूएसमधलं तुमचं स्वतःचं खाजगी नेटवर्क. या परीक्षेत लोक सर्वांत जास्त इथेच अडखळतात, कारण तयार विझार्डने एका क्लिकवर सगळं होतं आणि आत काय झालं ते कळत नाही. एकदा तरी हाताने बांधा. १०.०.०.०/१६ चा व्हीपीसी घ्या (रेघेनंतरचा आकडा पत्त्यांचा पट्टा केवढा ते सांगतो), त्यात /२४ चे दोन सबनेट, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग, करा. /२४ मध्ये २५६ पत्ते असले तरी वापरायला २५१ मिळतात, कारण प्रत्येक सबनेटमधले ५ एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं. मग इंटरनेट गेटवे जोडा आणि एकाच सबनेटच्या राउट टेबलात (कुठला डेटा कुठे जायचा त्याची यादी) ०.०.०.०/० ची, म्हणजे बाहेरच्या सगळ्या पत्त्यांची, वाट त्या गेटवेकडे वळवा. सबनेटला पब्लिक बनवते ती ही एक ओळ; दुसरं सबनेट प्रायव्हेट राहतं. नावात 'पब्लिक' लिहून काही होत नाही.

दोन्ही सबनेटमध्ये एकेक छोटं ईसी२ मशीन (भाड्याचा आभासी संगणक) उभं करा. पब्लिक सबनेटमधल्या मशीनला पब्लिक आयपी द्या, त्यावर वेब सर्व्हर चढवा आणि सिक्युरिटी ग्रुपमध्ये (मशीनची फायरवॉल) पोर्ट ८०, म्हणजे वेब पानांचा दरवाजा, उघडा. प्रायव्हेट मशीनमध्ये शिरायला ईसी२ इन्स्टन्स कनेक्ट एंडपॉइंट वापरा, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. तिथून बाहेरची एखादी साइट कर्लने (कमांड लाइनवरून पान मागवणारं साधन) उघडून पाहा, ती लटकेल. मग पब्लिक सबनेटमध्ये नॅट गेटवे (आतल्या मशीनला बाहेर जाऊ देणारी, पण बाहेरच्यांना आत न घेणारी वाट) ठेवा, प्रायव्हेटच्या राउट टेबलातून वाट त्याच्याकडे द्या, की तीच साइट उघडते. प्रयोग झाला की नॅट गेटवे लगेच काढून टाका, कारण वापरला नाही तरी त्याचं तासाचं भाडं चालू असतं. मुंबईत महिन्याला साधारण ४० डॉलर. गेटवे काढला तरी त्याचा इलॅस्टिक आयपी (खात्याला मिळालेला कायमचा पब्लिक पत्ता) खात्यातच राहतो आणि त्याचेही पैसे लागतात. तो वेगळा रिलीज करायचा असतो, आणि नेमकं हेच बहुतेक जण विसरतात.

त्याच सेटअपवर आणखी एक मोडतोड करा. पब्लिक सबनेटला नवीन नेटवर्क एसीएल, म्हणजे सबनेटच्या वेशीवरची नियमांची यादी, लावा. त्यात सुरुवातीला सगळंच बंद असतं. आत येण्यासाठी फक्त पोर्ट ८० उघडा आणि ब्राउझरमध्ये पान मागा. पान येत नाही. सिक्युरिटी ग्रुप आत आलेल्या विनंतीची आठवण ठेवतो आणि उत्तर आपोआप जाऊ देतो. एसीएल अशी आठवण ठेवत नाही, म्हणून उत्तरासाठी बाहेर जाणारे १०२४ ते ६५५३५ पोर्ट वेगळे उघडावे लागतात. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की या विषयावरचा प्रश्न कसाही फिरवून विचारला तरी चुकत नाही.

बाकी सेवांना एवढा वेळ लागत नाही. आरडीएस (डेटाबेसची सेवा) घ्या: मल्टी-एझेड, म्हणजे दुसऱ्या डेटा सेंटरमधली राखीव प्रत, बिघाडासाठी आणि रीड रेप्लिका, म्हणजे फक्त वाचायची प्रत, वाचनाच्या भारासाठी, हा फरक पक्का करा. एसक्यूएस (मेसेजची रांग) मधला व्हिजिबिलिटी टाइमआउट, म्हणजे एकाने उचललेला मेसेज इतरांपासून लपून राहतो तो वेळ, मुळात ३० सेकंदांचा असतो; कामाला त्याहून जास्त वेळ लागला तर तोच मेसेज दुसऱ्याच्या हाती जाऊन काम दोनदा होतं.

प्रश्न शेवटाकडून वाचा. शेवटच्या वाक्यात 'मोस्ट कॉस्ट-इफेक्टिव्ह' (सर्वांत कमी खर्चाचा) आहे की 'लीस्ट ऑपरेशनल ओव्हरहेड' (सांभाळायला सर्वांत कमी कष्टाचा), यावर उत्तर ठरतं. चारपैकी दोन-तीन पर्याय खरोखर चालण्यासारखे असतात, पण विचारलेल्या अटीत एकच बसतो. सराव करताना बरोबर उत्तराला खूण करून पुढे जाऊ नका; उरलेले तीन का नकोत हे एकेका ओळीत वहीत लिहा. एडब्ल्यूएसच्या स्किल बिल्डर या शिकण्याच्या साइटवर २० प्रश्नांचा अधिकृत संच फुकट मिळतो. चोरलेल्या प्रश्नांच्या 'डम्प'च्या वाटेला जाऊ नका. पकडलं गेलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, आणि मुलाखतीत 'हाच पर्याय का?' असं विचारल्यावर सांगायला काही उरत नाही.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे जरूर करावं: इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ३० मिनिटं जादा मिळतात. सर्टिफिकेशन खात्यात 'ईएसएल +३०' ही सवलत मागायची, पण बुकिंगच्या आधी. आधीच घेतलेल्या तारखेला ती लागू होत नाही. मग एका प्रश्नाला दोनऐवजी जवळपास अडीच मिनिटं येतात. लांबलचक इंग्रजी परिच्छेद वाचताना ही अर्धी मिनिटं फार मोलाची ठरतात.

नावाचा घोळही आधीच निस्तरा. आपल्याकडे एका कागदावर आडनाव पहिलं, दुसऱ्यावर वडिलांचं नाव पूर्ण, तिसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, आणि लग्नानंतर आणखी वेगळंच. परीक्षेच्या दिवशी दाखवणार त्या ओळखपत्रावर जसं आहे तसंच नाव खात्यात हवं.

घरून परीक्षा देणार असाल तर कंपनीचा लॅपटॉप टाळा, व्हीपीएन आणि फायरवॉल परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवतात. सिस्टिम टेस्ट त्याच मशीनवर, त्याच नेटवर घ्या. खोलीत मध्येच कुणी आलं तर परीक्षा रद्द होऊ शकते, म्हणून घर लहान असेल तर सरळ पिअरसन व्ह्यूच्या (परीक्षा घेणारी कंपनी) केंद्रावर जा. तारीख २४ तास आधीपर्यंत बदलता येते, फार तर दोनदा. निकाल पाच कामकाजी दिवसांत येतो. पास झालात की खात्यात पुढच्या परीक्षेसाठी ५० टक्के सवलतीचा कोड जमा होतो. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं.