इंग्रजीच्या पेपरात मार्क नेमके कुठे जातात ते आधी बघा

इंग्रजीत मार्क कमी पडले की बऱ्याच घरांत लगेच क्लास लावतात, नाहीतर ग्रामरचं जाडजूड पुस्तक आणतात आणि मुलाला सांगतात रोज दोन पानं सोडव. जरा थांबा. आधी त्याचा मागच्या परीक्षेचा तपासलेला पेपर घेऊन बसा, शाळा घरी देत नसेल तर शाळेत जाऊन बघायला मिळतो का विचारा, आणि जिथे जिथे मार्क कापलेत तिथे का कापलेत ते मुलाकडूनच एका कागदावर लिहून घ्या. स्पेलिंग चुकलं, काळ चुकला, प्रश्नच कळला नाही, उत्तर अर्धवट राहिलं, वेळ पुरला नाही, एवढे रकाने पुरतात. आणि हे करताना ओरडायचं अजिबात नाही, नाहीतर पुढचा पेपर दप्तरातून बाहेरच येणार नाही. बहुतेक वेळा दिसतं असं की "इंग्रजी कच्चं आहे" हे आपण उगाच म्हणत असतो, प्रत्यक्षात दोन-तीनच चुका असतात पण त्याच पुन्हा पुन्हा होतात. मेहनत त्या दोन-तीनवर घ्यायची, सगळ्या ग्रामरवर नाही.

आता उताऱ्याचे प्रश्न घ्या. मुलं उतारा वरपासून खालपर्यंत वाचतात, मग प्रश्न वाचतात, मग परत उतारा. त्यापेक्षा आधी प्रश्नांवर नजर टाकायची म्हणजे काय शोधायचंय ते डोक्यात राहतं. पण मार्क जातात ते उत्तर लिहिताना. समजा प्रश्न आहे "व्हाय डिड द बॉय रन?" तर मूल उत्तर लिहितं "द बॉय रन बिकॉज..." किंवा "द बॉय डिड रन बिकॉज..." कारण प्रश्नातले शब्द तसेच उचललेले असतात. उतारा बरोबर कळलेला असतो, कारणही बरोबर लिहिलेलं असतं, तरी मार्क कापले जातात. इथे एकच गोष्ट हातात बसवायची, प्रश्नातला डिड उत्तरात आला की निघून जातो आणि जाताना आपला भूतकाळ क्रियापदाला देऊन जातो, म्हणून रनचं रॅन, गोचं वेन्ट. तसंच डझ गेला की क्रियापदाला एस लागतो, "व्हेअर डझ शी लिव्ह" चं उत्तर "शी लिव्ह्ज..." असं. रोज असे पाच प्रश्न तोंडी विचारा, जेवताना, गाडीत, कुठेही, पण उत्तर पूर्ण वाक्यातच घ्यायचं. महिनाभरात फरक दिसायला लागतो असं मला तरी वाटतं, कारण हा लिहिण्यापेक्षा तोंडाच्या सवयीचा भाग जास्त आहे.

ग्रामरमध्ये आपली मुलं जिथे अडकतात त्या जागाही ठरलेल्या आहेत, कारण ती मनात मराठीत वाक्य करतात आणि मग शब्द बदलतात. आपण म्हणतो "त्याने मला विचारलं की तू कुठे चाललायस", म्हणून मुलं लिहितात "ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग". तो "की" इंग्रजीत प्रश्नाच्या वेळी येत नाही आणि वाक्य पण सरळ होतं, "ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग". दुसरी जागा म्हणजे अ, ॲन, द, मराठीत ही भानगडच नाही त्यामुळे मुलं एकतर विसरतात नाहीतर कुठेही टाकतात. अ की ॲन हे अक्षर बघून नाही, कानाने ठरतं हे एकदा नीट सांगा, म्हणून "ॲन आवर" पण "अ युनिव्हर्सिटी". बाकीचं वाचनातून हळूहळू येतं, द चे सगळे नियम पाठ करून घेण्यात फारसा अर्थ नाही.

स्पेलिंगचं मात्र वेगळं. आपण बोलतो तसं बऱ्यापैकी लिहितो, इंग्रजीत उच्चार बदलत गेले आणि स्पेलिंगं जुनीच राहिली, त्यामुळे मुलाला ते अन्याय्य वाटतं आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नाही. शब्द सुटे पाठ करू नका, घराण्याने करा, नाइट, लाइट, फाइट, साइट हे सगळे आयजीएचटीवाले एका दिवशी. आणि दहा वेळा लिहून काढ ही शिक्षा बंद करा, तिसऱ्या वेळेनंतर हात चालतो आणि डोकं झोपतं. शब्द बघायचा, झाकायचा, आठवून लिहायचा, उघडून तपासायचा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे, त्यात उतारा परत परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते पण आठवड्यानंतर न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षेच्या आदल्या रात्री "सगळं येतंय" आणि पेपरात "काहीच आठवलं नाही" हे का होतं ते यातून कळतं, वाचताना ओळखीचं वाटणं आणि स्वतःहून आठवणं या दोन गोष्टीच वेगळ्या आहेत. एकदा झालेले शब्द दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने परत विचारा. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलंय की पाठ केलेलं सर्वात जास्त विसरणं पहिल्या काही तासांत आणि दिवसभरातच होतं.

पत्रलेखन हे सर्वात स्वस्तात मिळणारे मार्क. पत्ता, तारीख, विषय, सुरुवात, शेवट हा सगळा साचा आहे, तो न बघता कोऱ्या कागदावर काढता आला पाहिजे, फक्त शाळेने जो साचा शिकवलाय तोच, नेटवरचा वेगळा नको. "डिअर सर" ने सुरू केलं तर शेवट "युअर्स फेथफुली", नाव घालून सुरू केलं तर "युअर्स सिन्सिअरली", एवढं ठरवून टाका. निबंध पाठ करून घेऊ नका, विषय थोडा फिरला की मूल पाठ केलेलाच उतरवून येतं. त्याऐवजी कुठल्याही विषयावर पाच मुद्दे आणि प्रत्येक मुद्द्याचं छोटं वाक्य एवढीच सवय लावा. छोटं वाक्य बरोबर येतं, लांब वाक्यात काळ घसरतो.

आणि ज्यांना स्वतःला इंग्रजी येत नाही त्या आईबाबांनी बाजूला व्हायची गरज नाही. धडा मुलाला मराठीत सांगायला लावा, कोण कुठे गेलं, का गेलं, पुढे काय झालं. जिथे तो अडखळेल तिथे त्याला धडा कळलेला नाही हे तुम्हाला एबीसीडी न येता पण कळेल. स्पेलिंग तर पुस्तक हातात धरून एकेक अक्षर जुळवून तपासता येतंच.

घरी जुना पेपर सोडवून घ्याल तेव्हा घड्याळ लावूनच, आणि शेवटची दहा मिनिटं मोकळी राहिलीच पाहिजेत असा नियम ठेवा. त्या वेळात सगळा पेपर परत वाचायचा नाही, कोणाला जमतं ते. फक्त आपल्या नेहमीच्या दोन-तीन चुका शोधत उत्तरांवरून बोट फिरवायचं, आधी डिडवाल्या प्रश्नांची उत्तरं, मग एस राहिलाय का, मग एखादा उपप्रश्न सुटलाय का.